मालवणी वड्यांचं पीठ घरी करताना: धान्य भाजायचं की नुसतं धुवून वाळवायचं?

सावंतवाडीची

आषाढ अमावास्या जवळ आली की दरवर्षी इकडे कोंबडी वड्यांवर चर्चा सुरू होते, पण ती सगळी कोंबडीची, खोबऱ्याच्या वाटपाची, मसाल्याची. वड्याच्या पिठाबद्दल कोणी धड बोलत नाही, "बाजारातून वड्याचं पीठ आणा" इतकंच लिहितात आणि पुढे जातात, म्हणून हा धागा काढतेय. माझं मत असं की सागोती, म्हणजे कोंबडीचा रस्सा, जरा कमी-जास्त झाली तरी वडा चांगला असेल तर जेवण निभावून जातं, पण वडा कडक नाहीतर तेलकट झाला तर सागोती कितीही फक्कड असू दे, त्याचं काही होत नाही.

आमच्याकडचं प्रमाण सांगते. १ किलो जाडा तांदूळ, पाव किलो उडीद डाळ, त्याच्या निम्मी चणाडाळ, मूठभर गहू आणि मूठभर ज्वारी. मसाल्याला २ मोठे चमचे धणे, १ मोठा चमचा बडीशेप आणि मेथी लहान चमचाभर, त्याहून जास्त नको, कडवट होतं. तांदूळ धुवायचे, निथळायचे आणि सुती कापडावर सावलीत वाळवायचे. पावसाळ्यात ऊन नसतंच तर पंख्याखाली रात्रभर पसरायचे, पण पूर्ण कोरडे व्हायला हवेत, हातात घेतल्यावर दाण्याला दाणा चिकटता नये. डाळी मी धुत नाही, ओल्या फडक्याने पुसून घेते. धान्य आणि डाळी भाजत नाही. फक्त धणे, बडीशेप, मेथी कोरड्या तव्यावर गरम करून घेते, वास सुटला की बस.

मग गिरणी. ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आणि सगळ्यात दुर्लक्षित. पीठ रवाळ हवं. चपातीच्या कणकेसारखं मऊ दळून आणलंत की वडा चिवट होतो आणि तेल पितो. अंगठा आणि पहिल्या बोटात पीठ चोळलं की बारीक रव्यासारखे कण लागले पाहिजेत, पण दाताखाली खडा येईल इतकंही भरड नको.

मळताना पाणी कडकडीत गरम, मीठ, चिमूटभर हळद, सुपारीएवढा गूळ. झाकून रात्रभर ठेवायचं. सकाळी पीठ थोडं हलकं झालेलं असतं, किंचित आंबूस वास येतो, मग पुन्हा तेलाचा हात लावून चांगलं मळायचं.

आता खरा वाद. माझ्या सासरी, म्हणजे राजापूरच्या बाजूला, सगळं धान्य भाजून घेतात आणि त्यालाच वड्याचं खरं पीठ म्हणतात. माहेरी भाजलेलं पीठ म्हणजे थालीपिठाची भाजणी, वड्याला चालणारच नाही. मी माहेरच्या बाजूने आहे आणि का ते सांगू शकते, पण आधी तुमच्याकडे काय करतात ते लिहा. कारणासकट लिहा, नुसतं "आमच्याकडे असंच असतं" नको.

पाटावरवंटा

सर्वात आधी धाग्याबद्दल आभार, कितीतरी दिवस कोणीतरी हे लिहायला हवं होतं.

आम्ही भाजणारे. देवगड तालुका. तांदूळ धुवून वाळवून मग अगदी मंद आचेवर भाजायचे, रंग बदलायच्या आत उतरवायचे. डाळी थोड्या जास्त, गुलाबीसर होईपर्यंत. कारण विचारलंत तर कारण टिकाऊपणा. आमचं निम्मं घर मुंबईत, मे महिन्यात गावी आलं की परत जाताना पिठाची पिशवी बांधून द्यायची आणि ते पीठ गणपतीपर्यंत पुरायचं. न भाजलेलं पीठ पावसाळ्यात मुंबईच्या खोलीत ठेवलं तर महिन्याभरात जाळी धरतं, कुबट वास येतो. भाजलेल्याला काही होत नाही. त्यामुळे ज्या घरातले चाकरमानी जास्त त्या घरात भाजण्याची पद्धत पडली असावी असं मला वाटतं.

आणि चवीलाही खमंग लागतो. न भाजलेल्या पिठाचा वडा मऊ असतो हे मान्य, पण खमंगपणा भाजलेल्यालाच.

लालबाग_परळ

पाटावरवंटा यांना +१. आमच्या चाळीत प्रत्येक घरात पत्र्याच्या डब्यात गावचं पीठ असायचं, वड्याचं वेगळं, कुळथाचं वेगळं. डब्यावर खडूने लिहिलेलं. कापड गिरणीतून पाळी सुटून माणसं घरी येईपर्यंत पीठ मळून झाकलेलं असायचं आणि रविवारी सकाळी अख्ख्या मजल्यावर एकच वास.

ते पीठ भाजलेलं होतं की नाही ते मला आता सांगता येणार नाही, पण आजी पीठ मळून झालं की मधे खळगा करून त्यात कांदा आणि निखारा ठेवायची ते पक्कं आठवतं. हे कोणी करतं का अजून? आणि कशासाठी करायचे?

आबा_कुडाळ

करतंव तर. आमच्या घराक अजून करतंत.

पीठ मळून झाला की मधी बोटान खड्डो करूचो. अर्धो कांदो मधलो गर काढून वाटयेसारखो करूचो, तो त्या खड्ड्यात बसवूचो. करवंटेचो निखारो चांगलो लाल झालो की कांद्यात ठेवूचो, वयसून थेंबभर तेल सोडूचा आणि लगेच झाकण मारूचा. धूर आतच रवाक व्हयो. पिठाक ऊब मिळता आणि वास लागता. पावसात थंडी असता तेव्हा ह्या केल्याशिवाय पीठ लवकर येणा नाय.

माझी आवस गिरणीवाल्याक दर खेपेक बजावून सांगायची, "रे, बारीक करू नको, हाताक रवाळ लागाक व्हया." ता सावंतवाडीच्या बायन लिवलेला अगदी बरोबर.

भाजूचा म्हणशात तर आमी भाजणव नाय. वडो भाजलेल्या पिठाचो केलो तर तो वडो न्हय, मोठी कडक पुरी.

सावंतवाडीची

आबा, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. गॅसवर करायचं तर करवंटीचा तुकडा जाळीवर धरून लाल करता येतो, मी तसंच करते. फक्त भांडं स्टीलचं नाहीतर मातीचं घ्या, प्लॅस्टिकच्या डब्यात निखारा ठेवायचा नाही आणि खिडकी उघडी ठेवा.

एक गोष्ट इथेच लिहून ठेवते, सर्वपित्रीला किंवा घरातल्या श्राद्धाला वडे करतात तेव्हा कांदा चालत नाही, म्हणून त्या दिवशीच्या पिठाला हा निखारा नसतो. तेव्हा नुसतं उबेला ठेवायचं. त्या ताटात काळ्या वाटाण्याचं सांबारं, खीर आणि वडे, आणि मला विचाराल तर वड्याची स्वतःची चव त्या दिवशी जास्त कळते कारण सोबतीला तिखट वाटप नसतं. ज्यांना आपलं पीठ कसं झालंय ते तपासायचंय त्यांनी वडा काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याबरोबर खाऊन बघावा.

विदर्भातून

प्रश्न विचारू का? आमच्याकडे आणि पुण्याच्या नातेवाइकांकडे भाजणीचे वडे करतात, मधे भोक पाडलेले, लोण्याबरोबर नाहीतर दह्याबरोबर खातात. ते आणि हे वेगळे का? कारण मी हॉटेलात कोंबडी वडे मागवले तर बिनभोकाचे फुगलेले आले. मला वाटलं चुकीचं काहीतरी दिलं.

पाटावरवंटा

वेगळे हो. तुम्ही म्हणता ते भाजणीचे वडे थालीपिठाच्या भाजणीचे, त्यात तिखट, हिंग, तीळ, कधी कोथिंबीर असते, ते मळले की लगेच थापून तळायचे, खुसखुशीत व्हायला हवेत. ते फुगावेत अशी अपेक्षाच नसते, भोक यासाठी की मधला भाग कच्चा राहू नये. मालवणी वड्यात तिखट नसतं, तांदूळ मुख्य, आणि तो फुगलाच पाहिजे, आतून पोकळ आणि मऊ, म्हणजे तोडून रश्शात बुडवला की रस्सा आत शिरतो.

भोकाचा प्रश्न आमच्याकडेही आहे म्हणा. काही घरांत श्राद्धाच्या वड्यांना मधे बोटाने भोक पाडतात आणि एरवीच्या वड्यांना नाही. शेजारच्या वाडीत नेमकं उलटं. त्यावर भांडण्यात अर्थ नाही. भोकाचा वडा फुग्यासारखा टम्म होत नाही, कडा फुगतात, पण तळला लवकर जातो आणि थंड झाल्यावर कमी वातड होतो.

पीठशास्त्र

मी अन्नप्रक्रियेत शिकलेय आणि माहेर वेंगुर्ल्याचं, त्यामुळे हा धागा वाचून राहवलं नाही. जरा लांब लिहिते.

तांदळात ग्लूटेन नाही. गव्हाच्या पुरीला जी ताण सहन करणारी जाळी मिळते ती इथे मिळत नाही. मूठभर गव्हाने थोडी मदत होते पण तेवढ्यावर वडा फुगणार नाही. मग पीठ एकसंध कशाने राहतं? गरम पाण्याने. तांदळाचा स्टार्च साधारण ७० अंश सेल्सिअसच्या पुढे पाणी शोषून फुगतो आणि चिकट होतो, मोदकाची उकड करताना आपण हेच करतो. वड्याच्या पिठात सगळा स्टार्च उकडलेला नको, थोडाच हवा, बांधून ठेवण्यापुरता. दुसरं काम उडदाचं. उडदाच्या डाळीत जो बुळबुळीत अंश असतो तो आणि तिचं प्रथिन मिळून हवा धरून ठेवतात, इडलीत तेच होतं. उडीद कमी केलेत तर वडा फुगून लगेच बसतो.

आता भाजणं. इडलीचं पीठ आंबतं ते डाळ-तांदळावर मुळात असलेल्या जिवाणूंमुळे, त्यातला ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइड्स हा मुख्य, तो आम्ल तयार करतो आणि वायूही सोडतो. धान्य भाजलंत की यातले बरेचसे मरतात. शिवाय भाजताना उडदाच्या प्रथिनाची हवा धरायची ताकद कमी होते. म्हणून भाजलेल्या पिठाचा रात्रभर ठेवलेला गोळा नीट आंबत नाही, नुसता भिजतो. भाजलेल्या पिठाचा वडा वाफेने फुगतो पण आत हलका होत नाही. सावंतवाडीची आणि आबा म्हणतायत त्याचं कारण हे.

पण पाटावरवंटा यांचंही खरं आहे, भाजल्याने ओलावा जातो आणि पीठ टिकतं, आणि तो खमंग वास भाजल्याशिवाय येत नाही.

आणि एक, वर कडकडीत पाणी लिहिलंय ते सगळ्या पिठावर ओतू नका. उकळतं पाणी सगळ्या पिठात घातलंत तर भाजून जे नुकसान होतं तेच परत होतं. मी अर्ध्या पिठावर उकळतं पाणी ओतते, पळीने ढवळते, झाकते, हाताला सोसेल इतकं कोमट झालं की उरलेलं कोरडं पीठ आणि गूळ त्यात मिसळून मळते. उकडीचा चिकटपणाही मिळतो आणि आंबणंही नीट होतं.

सावंतवाडीची

पीठशास्त्र, तुमची पोस्ट मी वहीत उतरवून घेतली. आमच्याकडे आई परातीत पिठाचं आळं करून मधे गरम पाणी ओतायची आणि कडेचं कोरडं पीठ हळूहळू आत ओढायची. म्हणजे आपोआप हेच होत होतं की! मधलं पीठ उकडायचं, कडेचं कच्चं राहायचं.

थंडीतला_कोकणी

न्यू जर्सीहून. इथे गिरणी नाही आणि डिसेंबरात स्वयंपाकघरात पीठ दोन दिवस ठेवलं तरी हलत नाही. मी काय करतो ते लिहितो, बाहेर राहणाऱ्यांना उपयोगी पडेल.

इडलीचे तांदूळ वापरत नाही, ते उकडे असतात आणि पीठ फार चिकट होतं. भारतीय दुकानात सोना मसुरी मिळतो तो घेतो, बासमती अजिबात नाही. धुवून वाळवून डाळींसकट ब्लेंडरच्या कोरड्या भांड्यात थोडं थोडं दळतो. एकदम भरलं तर खालचं गरम होऊन चिकटतं आणि वरचं तसंच राहतं. मग रव्याच्या चाळणीने चाळतो, वर राहील ते परत दळतो. मैद्याच्या चाळणीने चाळू नका, सगळा रवाळपणा निघून जातो. आंबवायला ओव्हन बंद ठेवून आतला दिवा लावायचा आणि पातेलं आत ठेवायचं. ओव्हनवर "पीठ आत आहे" अशी चिठ्ठी चिकटवा, आमच्या घरात कोणीही येऊन पिझ्झासाठी ओव्हन चालू करतं.

माझा प्रश्न थापण्याचा आहे. केळीचं पान मिळतं पण गोठवलेलं, ते फाटतं. प्लॅस्टिकवर थापतो पण उचलताना कडा चिरतात आणि चिरलेला वडा फुगत नाही. काय करू?

तवशाची_वेल

कडा चिरतात म्हणजे पीठ घट्ट आहे किंवा दुसऱ्यांदा मळलं नाही. आंबल्यावर पीठ सैल वाटतं म्हणून लोक तसंच थापायला घेतात. तसं नाही करायचं. मूठभर पीठ घेऊन तळहाताच्या खालच्या भागाने परातीवर पुढे ढकलून रगडायचं, चार-पाच वेळा, गोळा गुळगुळीत होईपर्यंत. एकेका गोळ्याला हे करायचं, सगळं एकदम मळून ठेवलं तर शेवटच्या गोळ्यापर्यंत परत भेगा पडतात.

थापायला दुधाची पिशवी कापून धुवून घ्या. तिला तेल नको, पाण्याचा हात लावा. तेलाने वडा घसरतो आणि एकसारखा थापला जात नाही. मधून बाहेर थापत जायचं, बोटांनी दाबायचं नाही, बोटांच्या पेरांचा सपाट भाग वापरायचा. जाडी चपातीच्या दुप्पट-तिप्पट, तळहाताएवढा आकार. कड पातळ आणि मध्य जाड असं झालं तर कडा आधी कडक होतात आणि मध्य फुगायला जागा मिळत नाही. उचलताना पिशवी तळहातावर उलटी करायची आणि पिशवी सोलायची, वडा ओढायचा नाही.

आम्ही वड्यात तवसं, म्हणजे मोठी गावठी काकडी, घालतो. श्रावण-भाद्रपदात परड्यातल्या वेलीला मोठी तवशी लागतात, ती किसून, थोडा गूळ घालून, त्या रसातच पीठ भिजवायचं, पाणी जवळपास लागत नाही. हे वडे थोडे गोड आणि फार मऊ होतात, लहान मुलं नुसते खातात. पण त्याला पीठ जास्त वेळ ठेवू नका, तवशाला पाणी सुटत राहतं.

खाडीपलीकडे

उरण. आमच्या आगरी समाजात हळदीला आणि लग्नाला वडे लागतातच, त्याशिवाय हळद नाही. बायका आदल्या रात्री मोठ्या टोपात पीठ भिजवतात आणि दुसऱ्या दिवशी दहा-बाराजणी गोल बसून थापायला लागतात. तिथे मी जे बघितलंय ते सांगतो, सगळ्यात अनुभवी बाई थापायला नाही, कढईवर असते. कारण पीठ एकदा जमलं की थापणं कोणीही शिकतं, पण तेल ओळखणं लवकर येत नाही.

इथे तळण्यावर कोणीच लिहिलं नाही, जरा त्यावरही होऊ द्या.

आबा_कुडाळ

उरणकरान बरोबर सांगल्यान.

तेल चांगला तापाक व्हया. पिठाची गुळी टाकून बघूची, ती तळाक बसता नये, टाकल्या टाकल्या वर येवक व्हयी, पण काळी पडता नये. वडो सोडलो की तो पयलो खाली जाता आणि मगे वर येता. वर येता येता झाऱ्याच्या पाठीन हलकेच दाबूचो, कडेकडेन, मधी न्हय. आणि झाऱ्यान तेल वडयार उडवत रवूचा. टम्म फुगलो की एकदाच परतूचो. सारखो उलटो-सुलटो करून नाय चलणा.

एका वेळाक एकच वडो. मोठी कढई आसली तर दोन. चार सोडल्यास तर तेल थंड जाता आणि चारव वडे तेल पितत.

पीठशास्त्र

आबांच्या एका वड्याच्या नियमाला अनुमोदन. वडा फुगतो तो आतल्या पाण्याची वाफ होऊन. तेल पुरेसं गरम असेल तर वरचा पापुद्रा लगेच धरतो आणि वाफ आत अडकते. तेल कोमट असेल तर पापुद्रा धरायच्या आधीच वाफ हळूहळू निसटते, वडा सपाट राहतो, आणि बाहेर काढून थंड होताना पृष्ठभागावरचं तेल आत ओढून घेतो. ज्यांच्याकडे थर्मामीटर आहे त्यांनी १८५ ते १९० अंश सेल्सिअस ठेवावं. झाऱ्याने दाबल्यावर वाफ एका बाजूला जमते आणि वरचा-खालचा पापुद्रा सुटा होतो, म्हणून दाबायचं. मधे दाबलं तर तो चिकटतो, आबा म्हणतात ते त्यासाठीच.

लालबाग_परळ

वाचनखूण साठवली. एक विचारायचंय, बाजारातल्या तयार पिठाचं काय? मुंबईत आता गिरणीवाले पाच किलोच्या खाली भरड दळायला तयार होत नाहीत, जातं परत बारीक लावावं लागतं म्हणतात. आमच्याकडे घरात तीन माणसं, पाच किलो वड्याचं पीठ करून काय करणार?

सावंतवाडीची

हा खरा प्रश्न आहे आणि मला त्याचा त्रास होतो. गिरणीवाल्याची चूक नाही, त्याच्या मागे गव्हाची रांग असते, एका बाईच्या दोन किलोसाठी तो जात्याची फट बदलत बसला तर बाकीचे ओरडतात. पण त्यामुळे झालंय काय की लोक "बारीक तर बारीक" म्हणून दळून आणतात, वडे चिवट होतात, मग सोडा घालतात, सोड्याने वडा फुगतो पण तेल भरपूर पितो आणि नाकाला वास येतो. आणि पुढच्या पिढीला वाटतं मालवणी वडा असाच असतो. मला हे बघवत नाही.

उपाय दोन. आमच्या सोसायटीत आम्ही चार घरं मिळून दळण देतो, प्रत्येकीने आपापलं दीड-दोन किलो, गिरणीवाल्याला आधी विचारून दुपारी रिकाम्या वेळी. दुसरा, घरगुती आटाचक्की असेल तर तिच्यासोबत वेगवेगळ्या जाळ्या येतात, त्यातली भरड जाळी लावायची. तयार पीठच वापरायचं असेल तर त्यात वाटीला एक चमचा जाड तांदळाचा रवा मिसळा, इडली रवा नव्हे, तो उकड्या तांदळाचा असतो. तयार पिठात उडीद बहुतेक कमी असतो, कारण तो महाग. तेव्हा मूठभर उडीद डाळ दोन तास भिजवून, वाटून त्यातच पीठ मळा. खूप फरक पडतो.

पाटावरवंटा

चार घरांचं दळण ही कल्पना मला फार आवडली. आमच्या इमारतीत विचारते.

पीठशास्त्र यांचं वाचल्यावर मी या खेपेला मधला मार्ग काढणार आहे. तांदूळ आणि चणाडाळ भाजीन, उडीद कच्चाच ठेवीन, म्हणजे खमंगपणाही राहील आणि हवा धरायला उडीद शिल्लक राहील. सासूबाईंना सांगणार नाही असं नाही, त्यांना सांगूनच करणार, त्यांनाही उत्सुकता आहे.

पीठशास्त्र

उत्तम. तांदूळ भाजलेत तरी कच्च्या उडदावरचे जिवाणू पुरतील. फक्त वेळ वाढवा, आठ तासांऐवजी दहा-बारा तास धरून चाला. आणि हे मिश्र पीठ पूर्ण भाजलेल्याइतकं टिकणार नाही, पावसाळ्यात फ्रिजमध्येच ठेवा.

थंडीतला_कोकणी

तवशाची वेल, तुम्ही सांगितलं तसं प्रत्येक गोळा रगडून घेतला आणि तेलाऐवजी पाण्याचा हात लावला. कडा चिरल्या नाहीत. सगळे फुगले. इथल्या मंडळात गणपतीला दीडशे माणसांचं जेवण असतं, आजवर पुऱ्याच असायच्या, यंदा वडे करायचा विचार आहे. एवढ्या माणसांना आधी तळून ठेवता येतील का?

खाडीपलीकडे

हळदीला आम्ही आधीच तळतो. गरम असताना झाकायचे नाहीत, वाफेने लिबलिबीत होतात. बांबूच्या टोपलीत नाहीतर जाळीवर उभे लावून गार करायचे, पूर्ण गार झाले की सुती कापडात बांधायचे. संध्याकाळपर्यंत मऊ राहतात. पीठ भाजलेलं असेल तर मात्र गार झाल्यावर कडक होतात, म्हणून एवढ्या माणसांना न भाजलेलंच घ्या. तीन-चार कढया लावा आणि कढईवर बसणाऱ्याला बदलू नका.

विदर्भातून

सोळा तारखेला करतेय मी पहिल्यांदा. आमच्याकडे जाडा तांदूळ म्हणजे रेशनचा मिळतो, चालेल का? आणि उरलेल्या पिठाचं काय करायचं?

सावंतवाडीची

रेशनचा चालेल ताई, नीट निवडून तीन-चार पाण्यांतून धुवा. तांदूळ नवा आहे की जुना ते बघा, नवा असेल तर पाणी कमी लागतं, एकदम ओतू नका, चमच्या-चमच्याने घाला.

मळलेलं पीठ उरलं तर घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत राहतं. त्यापुढे आंबट होतं, मग वडे नका करू. त्यात बारीक चिरलेला कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर घालून तव्यावर जाडसर थापा, कडेने तेल सोडून झाकण ठेवा, दोन्ही बाजूंनी खरपूस होऊ द्या. वर लोणी असेल तर लोणी, नाहीतर ओल्या खोबऱ्याची चटणी. कोरडं पीठ उरलं तर डब्यात घालून फ्रिजमध्ये, दीड-दोन महिने काही होत नाही. आणि सोळाला तळायला घ्याल तेव्हा पहिला वडा लहान करा, त्यावरून तेलाचा अंदाज येईल. अडलं तर इथेच लिहा, मी त्या दिवशी सकाळी बघेन.